अर्ल टॅनरच्या नावाखाली

माल्कम रिग्बीला जाऊन हिवाळा संपत आला होता, आणि त्याची बायको ग्लेंडा अजून रडली नव्हती.

तिने ठरवून रडू आवरलं होतं असंही नाही. अंत्यविधीला जाताना पर्समध्ये इस्त्री केलेला रुमाल ठेवला होता, तो तशाच घडीत घरी परत आला. 'धीराची हो ग्लेंडा,' असं उत्तर इंग्लंडातल्या ली या गावच्या बायका दुकानाच्या रांगेत म्हणायच्या. धीरबीर काही नव्हता. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग आपलाच गाल आपला राहत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. चहा गरम आहे की गार, ते घोट घशाखाली गेल्यावर कळायचं, कधी कळायचंही नाही. धाकटी बहीण मार्लीन दर मंगळवारी हॉटपॉट, म्हणजे बटाट्याच्या थराखाली शिजवलेलं मटण, करून आणायची. ग्लेंडा तो खायची, भांडं घासून परत द्यायची आणि 'छान झाला होता' म्हणायची. एकदा मार्लीन मीठ घालायलाच विसरली होती. तेव्हाही ग्लेंडा 'छान झाला होता' म्हणाली.

"हे बरं नाही," मार्लीन म्हणाली. "शिव्या तरी दे मला."

"कशाला?"

"मग राहू दे," मार्लीन म्हणाली आणि टीव्ही लावला.

ग्लेंडा सोळाव्या वर्षी सूतगिरणीत लागली. गिरणी बंद पडली तेव्हा सॉसेजच्या कारखान्यात गेली, तोही बंद पडला तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात. जन्मभर उभ्याचं काम. आठवडाभर उभं राहून पाय सुजायचे, आणि शनिवार आला की त्याच पायांवर ती नाचायला जायची. चामडी तळव्याचे बूट, गोल घेराचा घागऱ्यासारखा स्कर्ट आणि अंगाला लावायच्या पावडरचा डबा एवढं एका पिशवीत घालायचं आणि बस पकडायची. पावडर अंगासाठी नसायची. ती हॉलच्या लाकडी जमिनीवर टाकायची, म्हणजे पाय सरकतो. तिथे दारू मिळायची नाही, जोडीने नाचायची पद्धत नव्हती. जो तो आपापल्या जागी, आपापल्या नादात. काळ्या अमेरिकन गायकांची दहा वर्षांपूर्वीची, त्यांच्या देशात न खपलेली गाणी, आणि त्यांवर गिरणीतली, खाणीतली पोरंपोरी घामाघूम होईपर्यंत नाचायची. ग्लेंडा नाचायला लागली की आजूबाजूचे दोन पावलं मागे सरायचे. हेवा म्हणून नाही, लाथ लागू नये म्हणून, असं मार्लीन सांगायची.

माल्कमला नाचता यायचं नाही. तो खाणीत इलेक्ट्रिशियन होता. हॉलमध्ये मात्र तो स्टेजवर, रेकॉर्डींच्या पेट्यांमागे, गाणी लावत उभा असायचा. "ज्याला नाचता येत नाही तो रेकॉर्डी गोळा करतो," हेही मार्लीनचंच. यात थोडं तथ्य होतं. त्या मंडळींत मान दोघांनाच मिळायचा. एक, जो चांगलं नाचतो. दुसरा, ज्याच्याकडे अशी रेकॉर्ड आहे जी दुसऱ्या कुणाकडेच नाही.

आणि अशी रेकॉर्ड हाती लागली की पहिलं काम ती झाकायची. मधल्या लेबलवर कागदाची चकती चिकटवायची, चकतीवर मनचं काहीतरी नाव लिहायचं आणि तेच नाव माइकवर सांगायचं. खरं नाव कळलं तर दुसरा कुणीतरी अमेरिकेतल्या गोदामात चिठ्ठी पाठवून तीच मागवणार. मग आपलं काय उरलं? म्हणून खऱ्या गायकाला सगळे वर्षानुवर्षं खोट्या नावाने ओळखायचे. कुणी 'खरं नाव काय' असं विचारायचं नाही. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं.

ग्लेंडाने विचारलं होतं. चौऱ्याहत्तरचा उन्हाळा होता. माल्कमने माइकवर सांगितलं, "आता अर्ल टॅनर," आणि ढोल सुरू झाला, मागून पितळी वाद्यं उठली, आणि अठरा वर्षांची ग्लेंडा हॉलच्या मधोमध अशी फिरली की तिला पुढचं काही आठवत नव्हतं. गाणं संपल्यावर ती तशीच धापा टाकत स्टेजपाशी गेली.

"कुणाचं होतं?"

"सांगितलं ना. अर्ल टॅनर."

"खरं सांग."

"लग्न केलंस तर सांगेन."

लग्न केलं. मग तो म्हणाला, मुलं झाली की सांगेन. मुलं झाली नाहीत.

असो. तर हिवाळ्याच्या शेवटी एका सोमवारी व्हिन्स हॅलिवेल घरी आला. व्हिन्स निवृत्त बसड्रायव्हर. त्यानेही जन्मभर रेकॉर्डीच गोळा केल्या. तो आणि माल्कम चाळीस वर्षं एकाच स्टेजवर शेजारी उभे राहिले आणि चाळीस वर्षं एकमेकांच्या पेटीत डोकावायचा प्रयत्न करत राहिले. त्याचा एक गुडघा नवा घातलेला होता, दोन्ही कानांत यंत्रं होती, आणि अंगात अजूनही बिल्ले शिवलेला तोच शर्ट.

"रविवारी दुपारी कामगार क्लबात ठेवलंय," तो म्हणाला. "माल्कमसाठी. हॅमची सँडविचं मार्लीन करतेय म्हणाली."

"करेल."

"तीन रेकॉर्डी त्याच्या नावाने लावायच्या. दोन आम्ही ठरवल्यात. तिसरी घरच्यांनी सांगायची असते. तिला जमीन मोकळी ठेवतात, तू एकटी."

"माहीत आहे मला, व्हिन्स. मी काय पहिल्यांदा जातेय?"

"मग सांग."

"अर्ल टॅनर."

व्हिन्स साखर ढवळत होता, तो थांबला. "ती?"

"ती माझी आहे. दुसरी कुठली सांगू?"

"नाही, बरोबर आहे." त्याने उजव्या कानातलं यंत्र काढलं, फुंकर मारली, परत बसवलं. "कुठे आहे ती?"

"वरच्या खोलीत. कुठे असणार?"

"बघ मग," व्हिन्स म्हणाला. "सापडली तर बघ." आणि चहा अर्धा ठेवून गेला.

तो गेल्यावर ग्लेंडाने त्याचा अर्धा चहा ओतून दिला आणि कप विसळला. तिला एक गोष्ट कळून चुकली होती, आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. तिला वाटत होतं की ती रेकॉर्ड लागली की रडू येईल. दुसऱ्या कशाने येणार नाही, याने येईल. त्यासाठीच तिला रविवारपर्यंत ती हवी होती. माणूस चाळीस वर्षं शेजारी झोपला आणि गेला, आणि आपल्याला दात काढल्याएवढंही दुखत नाही, याची तिला आताशा भीती वाटू लागली होती. म्हणजे भीती वाटायला हवी असं वाटत होतं.

वरच्या मागच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत माल्कमने स्वतः फळ्या ठोकल्या होत्या. पाळणा ठेवायची खोली होती ती. झाकलेल्या रेकॉर्डींची पेटी वेगळी, खिडकीखाली, उन्हापासून दूर. मंगळवारी हॉटपॉट ओव्हनमध्ये ठेवून दोघी बहिणी वर गेल्या. ग्लेंडाने पेटी उघडली आणि पाचव्या-सहाव्या पाकिटातच तिला नाव दिसलं. माल्कमचं तिरकं, मोठं अक्षर: अर्ल टॅनर.

"झालं की काम," मार्लीन म्हणाली.

तिच्या मागच्या पाकिटातही अर्ल टॅनरच होता. त्याच्या मागेही. अशा आठ निघाल्या.

"हा काय गाढवपणा?"

"चोरांसाठी," ग्लेंडा म्हणाली. "कुणी घरात घुसलं तर खरी कुठली ते कळू नये."

"चोर टीव्ही नेईल, ग्लेंडा. तुझ्या नवऱ्याचा अर्ल टॅनर कोण नेतोय?"

"व्हिन्सने नेला असता."

मार्लीनने पलंगावर बसकण मारली.

ग्लेंडाने पहिली लावली. बँडची धून निघाली, रविवारी बागेत वाजते तसली. दुसरीत एक पाद्री नरकाचं वर्णन करत होता. तिसरीत पियानो शिकवत होते, धडा चौथा. मार्लीन पलंगावर पालथी पडून हसत होती. चौथी रेकॉर्ड कुत्र्याला शिस्त कशी लावावी याची होती. एक खणखणीत आवाजाची बाई 'बस' म्हणत होती, मग थांबत होती, मग 'शहाणा' म्हणत होती.

"ही रविवारी लाव," मार्लीन डोळे पुसत म्हणाली. "सगळे म्हातारे बसतील."

ग्लेंडाला कळत होतं की हे हसण्यासारखं आहे. माल्कम हे असंच करायचा, तोंड सरळ ठेवून. तिने ओठ ताणून बघितले. पाचवी लावली, सहावी, सातवी, आठवी. आठवी नाताळच्या घंटांची होती. अर्ल टॅनर त्यांपैकी कुठेच नव्हता.

"खरी दुसऱ्या नावाखाली असेल," ती म्हणाली.

"म्हणजे सगळ्या ऐकायच्या?"

"झाकलेल्या तेवढ्या."

"हॉटपॉट जळेल," मार्लीन म्हणाली, आणि खाली गेली.

बुधवार आणि गुरुवार ग्लेंडा त्या खोलीत होती. खुर्चीवर उशी घेतली, पायांवर चादर. एक रेकॉर्ड काढायची, कडा धरून, जसं माल्कमने शिकवलं होतं तशी, सुई ठेवायची, सुरुवातीचा ढोल ऐकायचा, नाही म्हटलं की उचलायची. बहुतेक गाणी तिला पाठ होती. यावर एकदा ब्लॅकपूलला नाचताना तिची टाच तुटली होती. यावर मार्लीनला एका टाइल बसवणाऱ्याने मागणी घातली होती. हे सगळं तिला आठवत होतं, पण दुसऱ्या बाईबद्दल कुणीतरी सांगावं तसं. गाणी शेजारच्या घरातल्या रेडिओसारखी येत होती, भिंतीपलीकडून. मधेच सुई शेवटच्या रेघेत जाऊन खरखरत राहायची, आणि मग तिच्या लक्षात यायचं की आपण ऐकतच नव्हतो. मग ती तीच रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावायची, नियम म्हणून.

तिने ती रेकॉर्ड माल्कमकडे कधी मागितली नव्हती असं नाही. मागितली होती. लग्नाच्या वाढदिवसाला, एकदा तिची आई गेली तेव्हा, एकदा उगाच. तो दरवेळी म्हणायचा, "जपून ठेवलीय गं. लावली की झिजते." आणि ते खरंही होतं. प्रत्येक वेळी सुई थोडा आवाज खरवडून नेते. तो तिचा आवाज जपतोय असं तिला वाटायचं, आणि बरं वाटायचं.

गुरुवारी संध्याकाळी पेटी संपली.

शुक्रवारी सकाळी व्हिन्स परत आला. या वेळी हातात एक लहान चौकोनी डबा होता, पत्र्याचा, कुलपाचा. तो त्याने टेबलावर ठेवला आणि डब्याकडे न बघता बसला.

"सापडली?"

"नाही. चोरांना फसवायला त्या नावाच्या आठ खोट्या ठेवल्यात त्याने."

"नाही सापडणार," व्हिन्स म्हणाला. "माझ्याकडे आहे."

ग्लेंडाने किटली गॅसवर ठेवली. "तू चोरलीस?"

"ग्लेंडा. मी चोर आहे का?"

"मला नाही माहीत. माल्कम म्हणायचा."

"माल्कमनेच दिली. अदलाबदल. शहाऐंशी साली, माझ्या स्वयंपाकघरात. मी त्याच्यामागे बारा वर्षं होतो त्या रेकॉर्डसाठी. एके दिवशी आपणहून आला आणि म्हणाला, घे, पण झाकलेलीच राहील, आणि एक अट आहे."

"कुठली?"

"ग्लेंडाच्या कानावर पडता कामा नये. कधीच. तिला वाटू दे, घरात आहे."

किटली शिट्टी घालायला लागली. ग्लेंडाने ती उतरवली, कपात पाणी ओतलं, चहाच्या पिशव्या टाकल्या. आत कुठे काही हललं नाही.

"दूध?"

"तू ऐकलंस का मी काय म्हणालो ते?"

"ऐकलं. दूध घालू?"

"घाल." व्हिन्सने कप दोन्ही हातांत धरला. आणि मग, जणू इतकी वर्षं हे सांगायला त्याला कुणी मिळालंच नव्हतं, असा तो सुटला. "तुला माहितीय माझे काय हाल झाले? इंग्लंडातली सगळ्यात चांगली रेकॉर्ड माझ्या डब्यात, आणि लावायची सोय नाही. कारण जिथे जावं तिथे तू. ब्लॅकपूलला तू. स्टोकला तू. मी म्हटलं, जरा लांब जाऊ. स्कॉटलंडला गेलो, ग्लेंडा, रात्रभर गाडी हाकून. रेकॉर्ड हातात घेतली, माइक उचलला, आणि दारातून तू आत आलीस, पिशवी घेऊन."

"मार्लीनचं लग्न मोडलं होतं. तिला जरा बाहेर नेलं होतं."

"मी रेकॉर्ड परत डब्यात घातली आणि दुसरं काहीतरी लावलं. लोक म्हणाले, व्हिन्स म्हातारा झाला. मी पस्तिशीत होतो!"

"मग लावायची होतीस."

"शब्द दिला होता." त्याने चहा पिऊन कप खाली ठेवला. "आपल्यात दुसरं काय असतं?"

ग्लेंडा समोर बसली. डबा दोघांच्या मधे होता.

"कशाच्या बदल्यात?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"त्याने माझी दिली. तू काय दिलंस?"

व्हिन्सला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "लोरेटा बीम. संथ गाणं, नाचायच्या कामाचं नाही. मला तर त्यात काही दिसलं नव्हतं. त्याने माझ्या घरी एकदा ऐकलं आणि खुळावला."

ग्लेंडाला लोरेटा बीम माहीत होती. चांगलीच माहीत होती. दर रविवारी सकाळी माल्कम वरच्या खोलीचं दार उघडं ठेवून ती लावायचा, आणि खाली ग्लेंडा त्याच्यासाठी बेकन आणि अंडी तळायची. कढईच्या चरचरीवरून तो आवाज जिना उतरून यायचा. तिला ते गाणं आवडायचं. भांडी घासतानाही ती ते गुणगुणायची. कित्येक वर्षं गुणगुणली.

"त्या आठ खोट्या," व्हिन्स हळू म्हणाला, "त्या चोरांसाठी नव्हत्या. अदलाबदल करून घरी गेल्यावर त्याने केल्या असणार. तू पेटी उघडलीस तर नाव दिसावं म्हणून."

"हो," ग्लेंडा म्हणाली. "आता कळलं."

"तू चिडली नाहीस?"

तिने आत चाचपून बघितलं, अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसं. "नाही," ती म्हणाली. "काहीच नाही. बिस्किट घे."

व्हिन्सने बिस्किट घेतलं, पण खाल्लं नाही. जाताना तो दारात उभा राहिला. "रविवारी लावू ना? माणूस गेला म्हणजे शब्दही सुटला. आणि झाकण काढायचं असतं, गेलेल्याच्या नावाने. खरं नाव सांगायचं असतं."

"लाव," ग्लेंडा म्हणाली. "त्यासाठीच तर शोधत होते."

मार्लीनला कळलं तेव्हा तिने ग्लेंडाच्या वाट्याचाही राग केला. सँडविचला लोणी लावता लावता ती माल्कमला अशा शिव्या घालत होती की शेजारणीने खिडकी लावून घेतली. "संथ गाणं," ती म्हणत होती. "संथ गाण्यासाठी. बाई ठेवली असती तर निदान समजलं तरी असतं."

"बाई परवडली नसती त्याला," ग्लेंडा म्हणाली, आणि ब्रेडच्या कडा कापत राहिली.

रविवारी दुपारी क्लबचा हॉल भरला होता. पडदे ओढलेले होते, पण कडांमधून ऊन आत येत होतं आणि त्यात पावडर तरंगत होती. पांढऱ्या केसांचे, टकलांचे, ढेरीवर जुने बिल्ले मिरवणारे सगळे आले होते. निम्म्यांचे गुडघे किंवा खुबे बदललेले. काठ्या भिंतीला टेकवून ते नाचायला येत होते आणि गाणं संपलं की काठीपाशी परत जात होते. लोक ग्लेंडाच्या खांद्यावर हात ठेवत होते. तिने चामडी तळव्याचे बूट घातले होते. स्कर्ट कमरेला आता बसत नव्हता, मार्लीनने मागे पिन लावली होती.

पहिली रेकॉर्ड झाली. दुसरी झाली. मग व्हिन्सने माइक हातात घेतला. त्याने कानातलं यंत्र नीट केलं, तरी माइक किंचाळलाच.

"तिसरी ग्लेंडाची," तो म्हणाला. "तुम्ही तिला अर्ल टॅनर म्हणून ओळखता. फार वर्षांत ऐकली नसेल." हॉलमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी 'अरे देवा' म्हणालं. व्हिन्सने रेकॉर्ड वर धरली, नखाने कागदाची कड उचलली आणि चकती सोलून काढली. जुना डिंक होता, ती एका सालीत निघाली. "वेंडेल ओक्स," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "डेट्रॉइटचा. खरं नाव वेंडेल ओक्स."

मागे उभे असलेले तिघे-चौघे संग्राहक एकमेकांकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी मोठं मिळाल्यासारखं झालं होतं. ग्लेंडाने ते नाव एकदा मनात म्हणून बघितलं. ते एका माणसाचं नाव होतं. बस.

जमीन मोकळी झाली. ती मधोमध गेली. ढोल सुरू झाला.

पाय निघाले. तिने त्यांना काही सांगितलं नाही. डावीकडे सरकणं, उजवीकडे, टाचेवर वळण, सगळं आपोआप होत होतं, जसं शाळेच्या स्वयंपाकघरात हात आपोआप बटाटे सोलायचे. अठराव्या वर्षीसारखं नव्हतं. गिरकी अर्धी झाली, वाकणं तर तिने सोडूनच दिलं. पण लोक टाळ्या वाजवत होते, तालावर. पितळी वाद्यं उठली. आता येईल, तिला वाटलं. काही आलं नाही. गायक गायला लागला. ती ऐकत होती. आवाज तिच्या आठवणीपेक्षा पातळ होता, जरा नाकातला. अंतरा गेला. तिने पर्समधला रुमाल आज बाहीत खोवला होता, तो तिथेच रुतत होता. आता दुसरा अंतरा. काही नाही.

आणि मग शेवटाकडे गायक ज्या ठिकाणी श्वास न घेता वर चढतो, तिथे तिला माल्कमचा आवाज ऐकू आला. नुसता एक शब्द. 'झिजते.' लग्नाच्या वाढदिवसाला, हातात पुडिंगची वाटी, तोंड सरळ. 'लावली की झिजते गं.' आणि तेव्हा ती रेकॉर्ड घरात नव्हतीच. व्हिन्सच्या डब्यात होती, स्कॉटलंडला जाऊन परत येत होती. आणि आई गेली त्या संध्याकाळीही तो हेच म्हणाला होता, तिच्या केसांवरून हात फिरवत.

तिचे पाय थांबले आणि तोंडात एक शब्द आला. गरम, ओबडधोबड. रडू नव्हतं ते.

आणि गाणं संपलं.

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. मार्लीन धावत आली, बायका आल्या, कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. ग्लेंडा त्यांच्यातून वाट काढत स्टेजपाशी गेली. व्हिन्स सुई उचलत होता. त्याचे गाल ओले होते, आणि ते पुसायची त्याला शुद्ध नव्हती.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

"काय?"

"हीच. पुन्हा."

व्हिन्सने यंत्रावर बोट ठेवलं, आपण नीट ऐकलं ना ते बघण्यासाठी. "एकाच दिवशी दोनदा लावत नाहीत, ग्लेंडा. तुला माहितीय. कुणीच लावत नाही. राजा आला तरी."

"राजा नाहीये इथे. लाव."

"लोक काय म्हणतील?"

"व्हिन्स, मला त्याच्याशी बोलायचंय. मी आता कुठे तोंड उघडत होते आणि संपलं ते."

मागून कुणीतरी हाक मारून विचारलं, काय झालं, बिघडलं का काही. व्हिन्सने रेकॉर्डकडे बघितलं. सोललेल्या डिंकाच्या खुणा अजून लेबलवर होत्या. चाळीस वर्षांत त्याने हे केलं नव्हतं, आणि माल्कमनेही नाही. त्याने माइक उचलला, काय सांगावं ते सुचलं नाही, म्हणून परत ठेवला. आणि सुई पुन्हा पहिल्या रेघेवर सोडली.

ढोल ऐकून सगळे स्टेजकडे वळले. नाचावं की नाही ते कुणाला कळेना. ग्लेंडा परत मधोमध गेली, पण नाचली नाही. पावडरीत पाय रोवून उभी राहिली, मुठी आवळलेल्या, मान वर, जणू समोर एक उंच माणूस उभा आहे. पितळी वाद्यं उठली, आणि तिचे ओठ हलायला लागले.

काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही, गाणं मोठं होतं. मार्लीन सगळ्यात जवळ होती. तिने पुढे सरकून कान दिला, पहिला शब्द ऐकला, तो शिवीचा होता, आणि मागे होऊन बाकीच्यांना हाताने अडवलं.

"कुणी जाऊ नका तिकडे," ती म्हणाली. "तिला आत्ता सापडलाय तो."